काचेतला समुद्र आणि दिव्याची निवड

कला शाखेच्या विद्यार्थ्याने दिव्यांवर लेख लिहावा, तोही समुद्रातील प्रवाळांसाठी लावायच्या दिव्यांवर, याचे आपणांस नवल वाटेल. अक्कलकुवा कोठे आणि समुद्र कोठे! आमच्या घरात आजवर कोणी समुद्र पाहिलेला नाही. मी पाहिला तो काचेच्या पेटीत. त्या पेटीमुळेच हा लेख लिहावा लागत आहे.

माझे चुलतभाऊ सुरतेला वायरिंगची कामे करतात. एका दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली गेलो होतो. एका बंगल्याच्या दिवाणखान्यात चार फूट लांबीची पेटी होती. खारे पाणी, रंगीत मासे आणि तळाच्या दगडांवर तपकिरी, हिरवट, जांभळट असे फुलांसारखे काहीतरी. मला ती झाडेच वाटली. मालकांची तक्रार एवढीच होती की, पाहुणे येतात तेव्हा पेटी अंधारी दिसते, रंग उठत नाहीत. त्यांनी चारशे वॅटचा हॅलाइड दिवा आणून ठेवला होता. दादांनी तो पाण्यापासून हातभर उंचीवर टांगला. शिडी मी धरली होती. दिवा लागताच पेटी अशी झळाळली की आम्ही दोघेही बघत राहिलो.

मे महिन्यात पुन्हा त्या घरी जाण्याचा योग आला. तळाची ती सगळी फुले पांढरीशुभ्र झाली होती. मालक खूश होते. "बघा, संगमरवरासारखे दिसते," असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. खरे सांगायचे तर मलाही ते सुंदर वाटले.

पुढे महाविद्यालय सुरू झाल्यावर भूगोलाच्या तासाला सरांनी प्रवाळ-विरंजनाचे चित्र दाखविले, तेव्हा माझ्या छातीत धस्स झाले. ते चित्र मी ओळखत होतो. ज्याला आम्ही संगमरवर म्हणत होतो, तो उपासमारीला लागलेल्या जिवांचा पांढरेपणा होता.

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या शरीरात अत्यंत सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. प्रवाळाचा रंगही बहुतांशी या भाडेकरूचाच. पाणी नेहमीपेक्षा एकदोन अंशांनी जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, किंवा सवय नसताना प्रखर प्रकाश पडला, की हा संसार मोडतो. शैवाल बाहेर पडते आणि पारदर्शक देहातून खालचा चुन्याचा सांगाडा दिसू लागतो. त्या क्षणी प्रवाळ मेलेला नसतो. पाणी निवले, प्रकाश बेताचा झाला, तर तो सावरू शकतो. आमच्या मालकांना हे ठाऊक असते तर वेळ होता. आम्हांला ठाऊक असते तरीही होता.

मग दिवा निवडावा कसा? पुस्तके चाळून मी जे समजून घेतले, ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट रंगाची. समुद्राचे पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते. निळा मात्र खोल जातो. प्रवाळांच्या शैवालाला निळ्याची सवय असते, म्हणून अशा पेट्यांवरील दिव्यांत निळा अंश जास्त ठेवतात. घरातला पिवळसर दिवा आपल्याला प्रसन्न वाटतो, पण त्यांच्या तो फारसा उपयोगाचा नाही.

दुसरी गोष्ट तीव्रतेची. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, तर आपल्या उजेडाच्या खोलीत काही शे. आपला डोळा दोन्हींशी जुळवून घेतो, म्हणून त्याच्या साक्षीवर विसंबता येत नाही. शिवाय लक्स हे मापच मुळी माणसाच्या डोळ्यावरून बेतलेले आहे. शैवालासाठी ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातील प्रकाशकण मोजावे लागतात आणि त्याचे उपकरण वेगळे असते. काही प्रवाळ मंद उजेडात तृप्त असतात, काहींना तो कितीतरी पट लागतो. नवा दिवा लावायचाच, तर तो आधी उंच टांगून काही आठवड्यांत हळूहळू खाली आणावा.

तिसरी गोष्ट वेळेची. आठ ते दहा तास उजेड पुरे. रात्र त्यांनाही हवी असते.

चौथी गोष्ट उष्णतेची, आणि इथेच आमचा घात झाला. हॅलाइड दिवा प्रकाशाबरोबर भरपूर उष्णता टाकतो. पूर्वी शौकीन तोच वापरीत, पण त्याच्या जोडीला पाणी थंड करण्याचे यंत्र ठेवीत. नंतर बारीक फ्लुरोसंट नळ्या आल्या आणि गेल्या दहापंधरा वर्षांत एलईडी रूढ झाले. ते कमी तापतात आणि त्यांचा रंग व तीव्रता कमीजास्त करता येते. आमच्या मालकांनी सुरतेच्या उन्हाळ्यात, थंड करण्याच्या यंत्राविना, उघड्या पाण्यावर हॅलाइड लावला. या चारही गोष्टींत विचारायचे होते ते पेटीत राहणाऱ्यांना. आम्ही विचारले ते सोफ्यावर बसणाऱ्यांना.

निसर्गाने ही निवड कशी केली आहे पाहा. आपल्या महाराष्ट्रातच मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत. १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य घोषित झाले. तेथील पाणी गढूळ, म्हणून प्रवाळ उथळ पाण्यात उजेड गाठतात. याउलट विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचे बुडालेले पठार आहे. तेथील पाणी नितळ असल्याने वीस मीटर खोलीवरही प्रवाळ नांदतात. बेट खचत जाते तसे प्रवाळ वर वर बांधत राहतात, हा डार्विनचा १८४२ सालचा सिद्धांत आपण परीक्षेपुरता पाठ करतो. वर कशासाठी? तर उजेडासाठी.

आता एक कायद्याची गोष्ट. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच यांना. ते समुद्रातून काढणे, विकणे हा गुन्हा आहे आणि त्यास तीन ते सात वर्षे कारावास सांगितला आहे. तेव्हा परदेशी पुस्तकांत 'घरच्या प्रवाळपेटीसाठी कोणता दिवा घ्यावा' अशी प्रकरणे असली, तरी आपल्याकडे त्या प्रश्नाच्या आधी दुसरा प्रश्न येतो. हे प्रवाळ घरात आले कोठून? दिवा निवडण्याची माहिती मी वर दिली, ती कोणी पेटी थाटावी म्हणून नव्हे. एवढे सगळे सांभाळावे लागते हे कळले, तर थाटण्याचा मोह कमी व्हावा, असा हेतू आहे.

काही मित्र म्हणतील, श्रीमंतांच्या छंदाची चर्चा आपण का करावी? आपल्या पाड्यांवर वीज गेली की तासन्‌तास येत नाही, तिथे प्रवाळांच्या दिव्याचे काय घेऊन बसलास? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि नेमका त्याचसाठी मी लिहितो आहे. हिशेब करून पाहा. चारशे वॅटचा दिवा दहा तास चालला की चार युनिट वीज लागते. नऊ वॅटचे दोन बल्ब पाच तास लावणाऱ्या पाड्यावरच्या घराला रोज एक दशांश युनिटही लागत नाही. म्हणजे त्या एका दिव्याच्या विजेत अशी चाळीसहून अधिक घरे उजळली असती.

आणि वीज कोठून येते, हे आपल्या तालुक्याला कोणी शिकवायला नको. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे आली. मणिबेली हे त्यांतले पहिले, आणि ते आपल्या तालुक्यातले. त्या प्रकल्पाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के ठरलेला आहे. दिवा स्विच दाबला की लागतो, पण त्याच्या मागे कोणाचे तरी शेत, कोणाचे तरी अंगण असते. आपल्याला ते माहीत आहे, म्हणून दिव्याच्या निवडीवर बोलण्याचा अधिकार आपल्याला इतरांपेक्षा थोडा अधिकच आहे असे मला वाटते.

घरात मासे पाळण्याला माझा विरोध नाही. गोड्या पाण्यातील साधे मासे, दोन पाणवनस्पती, एक लहान एलईडी आणि आठ तासांचा उजेड यांत मुलांना पुष्कळ पाहता येते. प्रवाळ मात्र त्यांच्या घरी जाऊन पाहावेत. जामनगरजवळ नरारा येथे ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यातून चालत ते पाहता येतात. कच्छच्या आखातातील तो भाग १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. आपल्या भूगोल विभागाची सहल दरवर्षी निघते. एका वर्षी ती तिकडे न्यावी, अशी माझी सरांना नम्र विनंती आहे.

दादांना मी हे सगळे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आपल्याला कोणी सांगितले नाही रे." हे खरे आहे. पण आम्ही विचारलेही नव्हते. आता कोणत्याही कामावर मोठा दिवा टांगायचा असला की दादा आधी विचारतात, याखाली कोण राहणार आहे? गोठ्यात दिवा लावताना त्यांनी तो गाईच्या डोळ्यांवर येणार नाही असा बाजूला घेतला. मालक हसला. दादांनी मात्र खिळा तिथेच ठोकला.

(द्वितीय वर्ष, कला)