गप्पीची पिले बरणीत ठेवू नका!

तुमच्या शाळेत किंवा घरी गप्पी माशांची टाकी असेल, तर एखाद्या सकाळी तिच्यात नुसते डोळेच डोळे दिसू लागतात. नीट पाहिले, की कळते : पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आणि कोपऱ्यांत अर्धा-पाऊण सेंटिमीटर लांबीची, जवळजवळ पारदर्शक पिले लपली आहेत. गप्पी अंडी घालीत नाही. मादी साधारणपणे चार आठवड्यांनी जिवंत, पोहणारी पिले देते, आणि एका वेळी वीस-तीस पिले होणे ही नेहमीची गोष्ट आहे.

अशा वेळी बहुतेक जण काय करतात? मोठे मासे पिलांना खातील म्हणून हाताला लागेल ती काचेची बरणी घेतात, नळाचे पाणी भरतात आणि पिले तिच्यात सोडतात. काही दिवसांतच बरीचशी पिले तळाशी पडलेली दिसतात. मग कोणी म्हणते, पिले नाजूकच होती. कोणी म्हणते, पाणी मानवले नाही. माझे मत असे, की दोष पिलांचा नसतो, बरणीचा असतो. पिलांना वेगळे ठेवावे हे बरोबर. पण त्या वेगळ्या पाण्याची रोज काळजी घेण्याची तयारी नसेल, तर ती खटपट करूच नये.

आधी पिले वेगळी का करावी ते पाहू. गप्पीचे मूळ घर म्हणजे त्रिनिदाद बेट आणि दक्षिण अमेरिकेचा ईशान्य भाग. तेथील ओढ्यांत काठाचे उथळ पाणी असते, पाला-गवत असते. पिले त्यात दडून राहतात. आपल्या टाकीला असतात चार उघड्या काचा. प्रौढ गप्पी आपले पिलू ओळखत नाही. तोंडात मावेल आणि हलेल ते त्याचे अन्न. म्हणून पिलांना आसरा हवा, यात शंका नाही.

पण लहान पाण्यात दुसराच शत्रू असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. मासे आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले अन्न कुजले, की त्यातूनही अमोनिया तयार होतो. हा वायू पाण्यात सहज विरघळतो आणि माशांना विषारी ठरतो. पाणी जितके अल्कधर्मी आणि उबदार, तितका त्याचा विषारी अंश अधिक. आता एक सोपे गणित करा. ३० सें.मी. लांब आणि २० सें.मी. रुंद टाकीत १८ सें.मी. उंचीपर्यंत पाणी भरले, तर ते सुमारे ११ लिटर होते. तीच पिले एक लिटरच्या बरणीत ठेवली, तर तेवढीच घाण अकरा पट दाट होते. शिवाय थोडे पाणी दुपारी लवकर तापते आणि रात्री लवकर थंड होते. म्हणजे पाणी जितके कमी, तितकी चूक महाग.

जुन्या टाकीत हे विष साठत नाही, कारण तेथे जिवाणू काम करीत असतात. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, आणि नायट्रोस्पायरासारखे जिवाणू त्या नायट्राइटचे बरेच कमी घातक असे नायट्रेट करतात. हे जिवाणू वाळूवर, दगडांवर आणि फिल्टरच्या स्पंजावर राहतात. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वाढ व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. पिले तोवर थांबत नाहीत! म्हणून पिलांच्या टाकीसाठी एक स्पंज फिल्टर आधीच मोठ्या टाकीत चालवून ठेवावा आणि वेळ येताच इकडे आणावा. स्पंजातून पिले ओढली जाण्याची भीतीही नसते.

बाकीची कामे साधी, पण रोजची आहेत. दिवसातून तीन-चार वेळा चिमूटभर, बोटांनी बारीक चुरलेले अन्न द्यावे. आर्टेमियाची नुकतीच निघालेली पिले मिळाली तर फारच उत्तम. उकडलेल्या अंड्याचा बलक चालतो. मात्र तो सुईच्या टोकावर राहील इतकाच द्यावा, कारण पाणी सर्वांत लवकर नासवतो तोच. उरलेले अन्न बारीक नळीच्या सायफनने काढावे आणि ते पाणी पांढऱ्या बादलीत घ्यावे, म्हणजे चुकून आलेले पिलू दिसेल. रोज सुमारे पाव भाग पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन मासे आणि जिवाणू दोघांनाही मारतो. म्हणून नवे पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवलेले असावे. तळ्यातून पाणवनस्पती आणली, तर ती नीट धुऊन पाहावी. तिच्यातून चतुराचा डिंभ आला, तर तो पिलांचा फडशा पाडील.

कोणी म्हणेल, निसर्गातही बहुतेक पिले मरतातच. मग एवढा खटाटोप कशाला? हे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. ज्याला रोज वेळ नाही, त्याने पिले मोठ्या टाकीतच राहू द्यावीत आणि तेथे दाट पाणवनस्पती लावावी. काही पिले खाल्ली जातील, काही जगतील. बरणीत सगळीच हळूहळू विषाने मरण्यापेक्षा ते बरे. पण एकदा आपण पिले उचलून वेगळी ठेवली, की निसर्गाकडे बोट दाखवता येत नाही. ते पाणी आता आपले असते.

दुसरा प्रश्न शाळांना अधिक लागू आहे : जगलेल्या पिलांचे पुढे काय? साधारण महिन्याभरात नराचा पोटामागचा पंख काडीसारखा होतो. तेव्हाच नर-मादी वेगळे करावेत. मादी नराचे बीज कित्येक महिने साठवून ठेवू शकते, त्यामुळे एका टाकीच्या तीन टाक्या व्हायला वेळ लागत नाही. जास्तीचे मासे ओढ्यात किंवा नदीत मुळीच सोडू नयेत. डासांच्या अळ्या खातो म्हणून हिवतापाच्या मोहिमेत साचलेल्या पाण्यात गप्पी सोडतात, हे खरे. पण आरोग्य खात्याने जागा पाहून केलेले काम वेगळे आणि आपण मासे वाटेल तेथे ओतणे वेगळे. वाहत्या पाण्यात परका गप्पी आपल्याकडील लहान देशी माशांच्या अन्नात आणि जागेत वाटेकरी होतो, आणि एकदा पसरला की परत काढता येत नाही.

शिक्षकांना एक विनंती. पिलांची टाकी मांडण्याआधी वर्गात तीन प्रश्न फळ्यावर लिहा : रविवारी पाणी कोण बदलणार? दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत टाकी कोणाच्या घरी जाणार? वाढलेले मासे कोण घेणार? तिन्ही प्रश्नांपुढे नावे लिहिली गेली, तर खुशाल टाकी मांडा. रोज पिलांची संख्या, पाण्याचे तापमान आणि बदललेले पाणी वहीत नोंदवा. एक जरी जागा कोरी राहिली, तर यंदा मोठ्या टाकीत पाणवनस्पती लावा आणि जी पिले तगतील ती मोजा. विज्ञान त्यातूनही शिकता येते.