लेकराचा उपचार आईबापाला समजला पाहिजे

“आईबाप अडाणी, गोळ्या मध्येच सोडतात, मग लेकरू बरं कसं होणार?” बीड जिल्ह्यात मुलांच्या मानसिक आजाराचा विषय निघाला की शिकलेल्यांच्या तोंडी हे वाक्य हमखास येतं. गावात दुसरी तीन ऐकू येतात: एवढ्याशा लेकराला कसला मनाचा आजार, गोळ्यांची सवय लागेल, आणि पोरगी असेल तर, लग्न लावून द्या, सुधारेल. या चारही वाक्यांचा परिणाम एकच. नैराश्य किंवा बायपोलरसारखा मूडचा आजार झालेलं मूल उपचारापासून लांब राहतं.

लेकराला मनाचा आजार होत नाही, हे आधी तपासू. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयाच्या सुमारे ७ टक्के मुलांत कुठला ना कुठला मानसिक विकार आढळला. मुलाचं नैराश्य मोठ्या माणसासारखं दिसेलच असं नाही. मूल उदास बसण्याऐवजी सतत चिडतं, पोट दुखतं म्हणतं, शाळेला जायचं टाळतं. बायपोलरच्या चढत्या काळात रात्री तीन-चार तास झोपूनही ते दमत नाही, बोलणं थांबत नाही, अंगावर येतं. घरचे या वागण्याला कधी मस्ती म्हणतात, कधी ‘बाहेरचं’. मग मार बसतो किंवा अंगारा लागतो. पण झोप, भूक आणि अभ्यास ही तिन्ही एकदम बिघडून कित्येक दिवस तशीच राहिली, तर तो स्वभाव समजून सोडून देता येत नाही. तिथे डॉक्टरच लागतो.

गोळ्यांच्या भीतीला मात्र हसू नये, तिच्यात तथ्य आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासल्या. नैराश्यावरच्या गोळ्या घेणाऱ्या सुमारे ४ टक्के मुलांत आत्महत्येचे विचार किंवा तसं वर्तन दिसलं. दिखाऊ, म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ते २ टक्के होतं. त्या चाचण्यांत आत्महत्येने एकही मृत्यू झाला नव्हता. यातून निघणारा धडा असा की पहिले काही आठवडे लेकरावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं. गोळीच नको, असा निष्कर्ष यातून निघत नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘टॅड्स’ अभ्यासात नैराश्य असलेली १२ ते १७ वयाची ४३९ मुलं होती. १२ आठवड्यांनी फ्लुओक्सेटिन ही गोळी आणि बोलण्यातून होणारा विचार-वर्तन उपचार असं दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के सुधारली, फक्त गोळीने ६१, फक्त बोलण्याच्या उपचाराने ४३ आणि दिखाऊ गोळीने ३५ टक्के. म्हणजे ‘गोळी नकोच’ म्हणणारा चुकतो आणि ‘गोळी दिली की झालं’ म्हणणाराही. या गोळ्यांची नशेसारखी चटक लागत नाही. पण त्या एकदम बंद केल्या तर त्रास होतो, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायच्या असतात. शिवाय आजार बायपोलर असेल तर नुसती नैराश्याची गोळी मूड उलट्या टोकाला ढकलू शकते. म्हणून घरात कुणाला असा त्रास होता का, हे डॉक्टरांनी विचारावं आणि घरच्यांनी लपवू नये.

लग्नाचा सल्ला तर थेट घातक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या ४० टक्क्यांहून अधिक स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. बायपोलर असलेल्या बाईला बाळंतपणानंतर आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. व्हॅल्प्रोएट हे बायपोलरवरचं नेहमीचं औषध गर्भातल्या बाळात व्यंग निर्माण करू शकतं. आजारी मुलीचं लग्न लावल्याने आजार जात नाही. एका जिवाचा धोका दोन जिवांवर जातो.

आता अडाणीपणाचा आरोप. दसरा-दिवाळीनंतर या जिल्ह्यातली लाखो माणसं मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातात आणि हंगाम संपून पट्टा पडल्यावरच परततात. सप्टेंबरात सुरू झालेला उपचार नोव्हेंबरात कसा चालेल, हे त्यांना सांगितलं कुणी? बायपोलरवरच्या लिथियम या औषधाचं उदाहरण घ्या. त्याची रक्तातली पातळी तपासत राहावी लागते. घाम आणि जुलाबाने अंगातलं पाणी कमी झालं की ती वाढते. अंग दुखतं म्हणून घेतलेली आयबुप्रोफेनसारखी गोळीही ती वाढवते. हात थरथरणं, उलट्या, तोल जाणं ही धोक्याची खूण. उसाच्या फडात घाम आणि अंगदुखी रोजचीच. ही माहिती न देता चिठ्ठी हातात ठेवायची आणि नंतर आईबापाला दोष द्यायचा, हा अन्याय आहे.

मग करायचं काय? पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी विचारावं: कारखान्यावर कधी जाणार, लेकरू सोबत नेणार की हंगामी वसतिगृहात ठेवणार? आजाराचं नाव, प्रत्येक गोळीचं काम, गुण यायला लागणारे आठवडे आणि धोक्याच्या खुणा आईच्या बोलीत सांगाव्यात आणि तिच्याकडून पुन्हा वदवून घ्याव्यात. लेकरू मागे राहणार असेल तर आजीला आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांनाही हे कळावं. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर फडावरूनही लागतो, तो चिठ्ठीवरच लिहावा.

आणि हे उपकार नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ ने मानसिक उपचार हा हक्क मानला आहे, त्यात मुलांसाठीच्या सेवेचा वेगळा उल्लेख केला आहे. कलम ९५ ने साखळीने बांधण्यावर बंदी घातली आहे. ग्रामीण भागासाठी वैद्यकीय महाविद्यालय उभं करण्याचा मान ज्या जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला मिळाला, त्या जिल्ह्याने हा हक्क फडापर्यंत नेला पाहिजे. दरवर्षी टोळ्या निघण्याआधी उपचार चालू असलेल्या प्रत्येक लेकराची तपासणी व्हावी, हंगामभराच्या औषधाची आणि रक्ततपासणीची सोय व्हावी, आणि कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्याच्या नावे चिठ्ठी मिळावी. एवढं झाल्यावरही कुणी गोळ्या सोडल्या, तर त्याची चर्चा करू. तोवर आईबापाला अडाणी म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.