आधी उकला, मग चिकटवा

आमच्या १९९६ सालच्या कॅम्पर ट्रेलरचं गळकं छत दुरुस्त करायला वर्कशॉपवाल्यानं सहा हजार डॉलर सांगितले. ट्रेलर आम्ही घेतला होता बावीसशेला. आकडा ऐकून ज्यानं त्यानं एकच सल्ला दिला : पांढरं कोटिंग आण, दोन हात मार, विषय संपव. नाशिकहून आतेभावानं तर फोनवर फर्मान काढलं, "ताई, डांबर ओत आणि मोकळी हो." सल्ला मायेचाच. पण माझं मत नेमकं उलटं आहे. ज्याचा खिसा हलका, त्याला वरवरचा लेप परवडतच नाही.

मी राहते मिशिगनमधल्या कलमझूला. त्या काळातल्या आमच्यासारख्या ट्रेलरचं छत म्हणजे फार काही नसतं. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर पातळ प्लायवुड आणि त्यावर चिकटवलेली जेमतेम मिलिमीटरभर जाड ईपीडीएम रबराची चादर. ही चादर मधोमध सहसा दगा देत नाही. दगा होतो तो भोकांपाशी : चौदा इंची व्हेंट, फ्रिजची चिमणी, संडासाच्या टाकीचा पाइप, अँटेना. शिवाय कडेनं अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आवळणारे स्क्रू. तिथलं सीलंट उन्हानं तडकतं, फटीत पाणी शिरतं, हिवाळ्यात ते गोठून नऊ टक्क्यांनी फुगतं आणि फट आणखी रुंदावते.

पाणी बिलंदर. आमच्याकडे डाग पडला होता पलंगावर, आणि गळत होतं पार पुढच्या कोपऱ्यात. लाकडाच्या आधारानं ते आतल्या आत सरकत आलं होतं. मूळ शोधायला महागडं यंत्र लागत नाही. पालापाचोळा उडवायचा ब्लोअर खिडकीत पुठ्ठा लावून बसवायचा, बाकी व्हेंट प्लास्टिकनं बंद करायचे आणि आत हवा भरायची. मग छतावर फळी टाकून बसायचं (थेट पाय दिला तर प्लायवुड खचतं) आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी मारायचं. बुडबुडे आले की चोर सापडला.

पुढची कोपऱ्याची पट्टी काढली तेव्हा आतलं लाकूड चहात बुडवलेल्या खारीसारखं हातात आलं. यावर मी कोटिंग मारलं असतं तर ओल आत कोंडली असती आणि पुढल्या उन्हाळ्यात अख्खी भिंत फुगली असती. आतेभावाचं डांबर तर आणखी वाईट, कारण पेट्रोलियमच्या तेलानं हे रबर फुगतं. नाशिकच्या स्लॅबचा उपाय इथे विष. आधीच्या मालकानं सगळीकडे सिलिकॉन फासून ठेवलं होतं. त्यावर नंतर दुसरं काही चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. ते प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडण्यातच माझे बहुतेक कष्ट गेले. नवरा खाली शिडी धरून विनोद करत होता, तेवढीच मदत.

पैसे वाचवायची जागा वेगळी आहे. अमेरिकेतल्या या गाड्यांचं माहेरघर म्हणजे इंडियानातलं एल्कहार्ट, आमच्यापासून तासाभरावर. त्या पट्ट्यात कारखान्यांत उरलेला माल विकणारी दुकानं आहेत. प्लायवुड, पट्ट्या, व्हेंटची झाकणं तिथून घ्यावीत. पट्टीखालची ब्यूटाइल टेप, आपोआप पसरणारं लॅप सीलंट आणि स्टेनलेसचे स्क्रू मात्र चांगलेच घ्यावेत. ओला इन्सुलेशन कापूस फेकून द्यावा, पंखा लावून सांगाडा पूर्ण सुकू द्यावा, मगच बंद करावं. आमचं सगळं चारशे डॉलरच्या आत बसलं. मजुरी धरली नाही, हे खरं.

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. वर्षातून अनेकदा सीलंट तपासा, असं मालकाच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात असतं. विकताना मात्र गालिचा आणि मायक्रोवेव्ह दाखवतात. हळूहळू झिरपलेल्या पाण्याचं नुकसान विमा सहसा देत नाही. हौसेनं फिरणाऱ्याचं यात फारसं बिघडत नाही, पण घरभाडं झेपत नाही म्हणून बाराही महिने अशा गाडीत राहणारी माणसं इथे पुष्कळ आहेत. जेसिका ब्रूडरच्या 'नोमॅडलँड' या पुस्तकामुळे ती जगाला दिसली. त्यांच्यासाठी छताचा सांधा हा शनिवार-रविवारचा उद्योग नव्हे. स्क्रू काढून सांधा उघडता यावा, सुटी पट्टी बदलता यावी, अशी छतं बनवणं कारखान्यांना जड नाही. सगळं चिकटवून टाकणं त्यांना स्वस्त पडतं आणि तो खर्च तिसऱ्या मालकाच्या डोक्यावर बसतो.

महाराष्ट्रानंही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कोकणच्या पावसात उभी राहणारी गाडी कुणी विकत घेत असेल, तर त्यानं आधी शिडी मागावी. वर चढून प्रत्येक भोकाच्या कडेला अंगठा दाबून बघावा, आतून कपाटाचे कोपरे आरीनं टोचून बघावेत. आरी सहज आत गेली तर भाव निम्म्यावर आणावा. विकणारा शिडी द्यायला कां-कूं करू लागला, तर सरळ दुसरी गाडी बघावी.