‘भावी’ पुढाऱ्यांची घाई

निवडणुकीचे पडघम वाजण्यापूर्वीच महाराष्ट्रातील चौकाचौकांत ‘भावी नगरसेवक’ आणि ‘भावी आमदार’ झळकू लागतात. हात जोडलेली मुद्रा, वरच्या बाजूला नेत्यांच्या छबींची रांग, खाली शुभेच्छुकांची यादी! या भावी लोकप्रतिनिधीने आपल्या पालिकेचे अंदाजपत्रक कधी उघडून पाहिले आहे काय, हे विचारावे असे कोणालाही वाटत नाही. फलक लागला, समाजमाध्यमांवर चार चित्रफिती फिरल्या, की नेतृत्व सिद्ध झाले. उमेदवारी हुकलीच, तर एका रात्रीत पक्ष बदलण्याची सोय आहेच.

अशा वातावरणात गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव घेणे कोणाला विक्षिप्तपणाचे वाटेल. त्यांचे मवाळ राजकारण आणि इंग्रजांच्या न्यायबुद्धीवरील त्यांचा विश्वास राष्ट्रवादी मनाला मानवणारा नव्हे. लोकमान्यांनी त्यावर कोरडे ओढले, ते योग्यच होते. परंतु सार्वजनिक जीवनात उतरणाऱ्याने तयारी म्हणून काय करावे, हा प्रश्न असेल तेव्हा गोखल्यांना टाळून पुढे जाता येत नाही.

कोतळूकसारख्या कोकणातील खेड्यात 1866 साली जन्मलेला हा तरुण पुण्यात शिक्षक झाला आणि न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली सापडला. ‘सापडला’ हाच शब्द योग्य. कारण रानड्यांची शिकवणी म्हणजे सरकारी अहवाल, महसुलाचे तक्ते आणि पुन:पुन्हा दुरुस्त होणारे मसुदे. टाळ्या मिळवून देणारे त्यात काहीही नव्हते. 1897 साली वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले इंग्लंडला गेले, तेव्हा त्यांच्या पाठीशी रानडे आणि गणेश व्यंकटेश जोशी यांच्या सोबत केलेला वर्षानुवर्षांचा अभ्यास होता. तिशीतल्या या प्राध्यापकाने उलटतपासणीत हिंदुस्थानच्या तिजोरीचा हिशेब निर्भयपणे मांडला.

त्याच वर्षी त्यांची कसोटी लागली. प्लेगच्या बंदोबस्तातील सैनिकांनी पुण्यात स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप, मित्रांच्या पत्रांवर विसंबून, त्यांनी इंग्लंडमधील वृत्तपत्रातून केला. परत आल्यावर पुरावा मागितला गेला; तो मिळेना. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगितली असती तर दोष वाटला गेला असता. गोखल्यांनी नावे सांगितली नाहीत आणि जाहीर क्षमा मागितली. सोल्जरांची त्या काळातील दांडगाई काही कपोलकल्पित नव्हती. त्यामुळे ही क्षमा अनेकांना नामुष्की वाटली आणि तसे वाटणे स्वाभाविक होते. गोखल्यांची लोकप्रियता त्यात होरपळली. पण जे सिद्ध करता येत नाही ते मागे घ्यायचे, ही किंमत त्यांनी मोजली. आज सकाळच्या पत्रकार परिषदेत कोट्यवधींच्या घोटाळ्याचा आरोप होतो, ‘पुरावे योग्य वेळी देऊ’ असे सांगितले जाते आणि ती योग्य वेळ येण्याआधीच आरोप करणारा व आरोपी एकाच मंत्रिमंडळात शेजारी-शेजारी बसतात! क्षमा कोणीच मागत नाही. आरोप खरा असेल तर ही युती कशी, आणि खोटा असेल तर तो केला कशाला? मतदाराने काय समजायचे?

1902 साली गोखले केंद्रीय कायदेमंडळात पोहोचले. तेथील सभासदाला अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे. सरकार शिलकी अंदाजपत्रकाचा डौल मिरवीत असताना, गरिबाच्या मिठावर कर बसवून साठवलेली शिल्लक कसली, हे त्यांनी मार्चमधील भाषणात आकड्यांनिशी दाखविले. पुढच्याच वर्षी मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. त्याचे सारे श्रेय एका भाषणाला देणे अतिशयोक्तीचे होईल. पण राज्यकर्त्यांना दखल घ्यावी लागे अशी ती तयारी होती. आज सभासदाला मताचा पूर्ण अधिकार आहे. तरीही 2018 आणि 2023 साली लोकसभेने सर्व खात्यांच्या मागण्या गदारोळात, चर्चेविना संमत केल्या. परक्यांच्या सभागृहात मताविना जे साधले, ते स्वतंत्र देशाच्या सभागृहात मत असूनही साधू नये, याची लाज सत्ताधाऱ्यांना वाटली पाहिजे आणि गदारोळ करणाऱ्यांनाही.

12 जून 1905 रोजी गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. त्यात प्रवेश करणाऱ्यास पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. उमेदवारी या शब्दाचा तेव्हाचा अर्थ शिकणे असा होता. 1915 साली आफ्रिकेतून परतलेल्या गांधीजींनाही त्यांनी वर्षभर देश पाहण्याचा, तोवर जाहीर प्रश्नांवर न बोलण्याचा सल्ला दिला.

आता पक्षकार्यालयांत इच्छुकांच्या मुलाखती होतात. जात कोणती, खर्च किती करणार, पाठीशी माणसे किती, हे प्रश्न ठरलेले असतात. ‘निवडून येण्याची क्षमता’ हा निकष एकाच पक्षाचा नाही; संस्कारांची, कार्यकर्ता घडविण्याची भाषा बोलणारेही आयात उमेदवाराला पायघड्या घालतात आणि वीस वर्षे सतरंज्या उचललेल्याला ‘पुढच्या वेळी पाहू’ म्हणून परत पाठवतात. त्या मुलाखतीत प्रभागातील पाणीपुरवठ्यावर किती खर्च होतो, एवढा एक प्रश्न घालून पाहण्यास कोणता पक्ष तयार आहे?