डिजिटल सातबाऱ्यावर तलाठ्याचा शिक्का का लागत नाही?

महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 2018 पासून मिळतो. तरीही अनेक ठिकाणी 'यावर तलाठ्याची सही आणि शिक्का आणा' असे सांगून अर्जदाराला परत पाठवले जात होते. डिसेंबर 2025 मध्ये राज्य सरकारने डिजिटल सातबारा, आठ-अ आणि फेरफार उतारे सर्व सरकारी कामांसाठी ग्राह्य असल्याचे स्पष्ट केले. 15 रुपयांत मिळणाऱ्या या उताऱ्यावर वेगळ्या सही-शिक्क्याची गरज नाही.

कायदा काय सांगतो?

माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 5 नुसार, जिथे सही आवश्यक आहे तिथे विहित पद्धतीची इलेक्ट्रॉनिक सही चालते. मृत्युपत्रासारखे काही दस्त मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. शिवाय, सरकारी कार्यालयाने कागदपत्र इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच स्वीकारावे, असा आग्रह धरण्याचा हक्क नागरिकाला मिळत नाही, असे कलम 9 म्हणते. म्हणूनच राज्याचा स्पष्ट आदेश महत्त्वाचा ठरतो.

ही सही नेमकी असते कशी?

सहीचा फोटो काढून फाइलवर चिकटवला, तर ती डिजिटल स्वाक्षरी होत नाही. तो फोटो कोणीही उचलून दुसरीकडे लावू शकतो. खऱ्या डिजिटल स्वाक्षरीत संगणक आधी मजकुराचा गणिती ठसा काढतो. अधिकाऱ्याकडच्या गुप्त किल्लीने त्यावर सही होते. नंतर मजकुरातला एक आकडा जरी बदलला, तरी ठसा जुळत नाही आणि फेरफार उघड होतो.

म्हणजे सही दोन गोष्टी सांगते: कागद कोणी दिला आणि तो नंतर बदललेला नाही. नोंद ताजी आहे, याची हमी ती देत नाही. जूनमध्ये काढलेल्या उताऱ्यात ऑगस्टमधला फेरफार दिसणार नाही.

प्रिंट काढल्यावर काय?

सही फाइलमध्ये असते, कागदावर नाही. त्यामुळे प्रिंट हातात आली, तर त्यावरचा 16 अंकी पडताळणी क्रमांक महाभूमी संकेतस्थळावर टाकावा आणि पडद्यावरचा उतारा कागदाशी ताडून पाहावा. पीडीएफ उघडल्यावर सहीवर पिवळे प्रश्नचिन्ह दिसले, तर लगेच उतारा खोटा समजू नये. भारताचे मूळ प्रमाणपत्र त्या संगणकात विश्वासार्ह म्हणून नोंदवलेले नसले, तरी हे चिन्ह येते. संकेतस्थळावर फुकट दिसणारा, सही नसलेला सातबारा मात्र फक्त माहितीसाठी असतो.

खरा धोका कुठे?

गणित पक्के असले, तरी किल्ली माणसाच्या हातात असते. ग्रामपंचायतीचे पैसे ई-ग्रामस्वराज प्रणालीतून सरपंच आणि ग्रामसेवकाच्या डिजिटल सहीने अदा होतात. गावात या यूएसबी टोकनला 'डोंगल' म्हणतात. तो डोंगल आणि त्याचा पिन ऑपरेटरकडे किंवा घरातल्या पुरुषाकडे राहिला, तर सरपंचबाईंच्या नावाने बिले निघतात आणि त्यांना पत्ताही लागत नाही. निम्मी सरपंचपदे महिलांसाठी राखीव असलेल्या राज्यात हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. कागदावर दुसऱ्याने केलेली सही अक्षरावरून ओळखता येते. डोंगलने केलेली सही मात्र कोणीही केली, तरी तशीच दिसते.

किल्ली सांभाळण्याची आणि ती गैरहाती गेल्यास प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवण्याची जबाबदारी कलम 42 ने सहीच्या मालकावरच टाकली आहे. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही लबाडीने वापरल्यास कलम 66 क नुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

त्यामुळे दोन्ही बाजूंची सवय बदलावी लागेल. कार्यालयाने शिक्का मागण्याऐवजी क्रमांक तपासावा. आणि ज्याच्या नावाचा डोंगल आहे, त्याने पिन कोणालाही न देता, बिल वाचून स्वतःच सही करावी.