बॉयकॉट आणि बहिष्कार

‘बॉयकॉट म्हणजे बहिष्कार’ असा अर्थ आपण विद्यार्थ्यांना देतो व पुढे जातो. या दोन शब्दांच्या जन्मकथा मात्र सर्वस्वी भिन्न आहेत.

‘बॉयकॉट’ हे मुळात एका माणसाचे आडनाव. चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली हलाखीत सापडलेल्या कुळांनी खंडात शेकडा पंचवीस सूट मागितली. जमीनदार दहापलीकडे जाईना. कारभाऱ्याने कुळांना बेदखल करण्याच्या नोटिसा काढल्या. तेव्हा गडीमाणसांनी त्याचे काम सोडले, दुकानदारांनी माल नाकारला. उभे पीक काढण्यासाठी अल्स्टरमधून पन्नास माणसे आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणास सुमारे हजार शिपाई! पिकाहून बंदोबस्तच कितीतरी महाग पडला. नोव्हेंबरच्या अखेरीस बॉयकॉटने गाव सोडले. या शस्त्राला ‘ऑस्ट्रसाइझ’ हा जड शब्द शेतकऱ्यांना उमजणार नाही, म्हणून फादर जॉन ओमॅली यांनी कारभाऱ्याचे आडनावच सुचविले, असे जेम्स रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराने नोंदविले आहे.

१९०५ च्या वंगभंगानंतर लोकमान्यांनी पुरस्कारिलेला विलायती मालावरील बहिष्कार याच जातकुळीचा होता. दुर्बळांनी बलिष्ठांविरुद्ध उचललेले ते शस्त्र होते.

परंतु आपल्याकडचा बहिष्कार त्याहून पुरातन आहे. ग्रामण्य, वाळीत टाकणे, पाणवठा बंद करणे ही त्याची रूपे. त्यात बळी बहुधा दुर्बळच असे. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली आपल्या पाक्षिकास ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिले, ते या दुसऱ्या अर्थाची साक्ष होय. हा अर्थ इतिहासजमा झालेला नाही, म्हणूनच महाराष्ट्र विधिमंडळास २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला.

बॉयकॉट एकाकी पडला तो आपल्या कृत्यामुळे. नोटिसा मागे घेण्याचा मार्ग त्याला खुला होता. जन्मामुळे वा परजातीत विवाह केल्यामुळे वाळीत पडणाऱ्या कुटुंबाने मागे काय घ्यावे? गावकी वा जातपंचायत जेव्हा ‘आम्ही बहिष्कार घातला’ असे अभिमानाने सांगते, तेव्हा ती लढ्यातला प्रतिष्ठित शब्द जुलमाला चढवीत असते. शिक्षकांनी शब्दार्थ सांगताना एवढा एक प्रश्न अवश्य जोडावा: कोणी, कोणावर आणि कशासाठी?