दोष दिशेचा की व्यवस्थेचा?

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सातारा-सांगलीकडे घर बांधू पाहणाऱ्या माणसाच्या दारी गवंड्याच्याही आधी एक नवा पाहुणा येऊ लागला आहे. त्याच्या हाती होकायंत्र असते, पिशवीत पितळी पिरॅमिड आणि लाल फितीत ओवलेली तीन नाणी असतात, आणि जिभेवर 'ऊर्जा' हा शब्द असतो. पूर्वी ग्रहांची शांत होत असे; आता घरातील 'नकारात्मक ऊर्जा' घालविली जाते. शब्द पदार्थविज्ञानाचा, आशय मात्र जुनाच. ज्या ऊर्जेला एकक नाही आणि जी कोणत्याही यंत्रावर मोजता येत नाही, तिच्या नावाने पैसे मात्र मोजून घेतले जातात.

तासगावच्या बाजूला माझे एक जुने स्नेही राहतात. आयुष्यभर त्यांनी प्राथमिक शाळेत मुलांना विज्ञान शिकविले. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी घर बांधले. त्यानंतर मुलाची द्राक्षबाग लागोपाठ दोन वर्षे अवकाळी पावसात गेली, सोसायटीचे कर्ज थकले, सुनेला मूल राहून गेले. कुणीतरी वास्तुतज्ज्ञाला घेऊन आले. ईशान्येच्या कोपऱ्यातील संडास हेच सर्व अरिष्टांचे मूळ, असा निर्णय त्याने दिला. संडास पाडला गेला. तज्ज्ञाची दक्षिणा आणि तोडफोड यांतच हातातले पैसे संपले, त्यामुळे दुसरा बांधता आला नाही. पुढे आठ महिने त्या घरातील बायका पहाटेच्या अंधारात ओढ्याकडे जात होत्या. मी न राहवून विचारले, "गुरुजी, तुम्हीसुद्धा?" ते खाली पाहत म्हणाले, "बाकी सगळे करून पाहिले हो. एवढेच राहिले होते."

हे उत्तर ऐकल्यावर उपहास करण्याची इच्छा उरत नाही. अवकाळी पावसाला जाब विचारता येत नाही, बाजारभाव ठरविणारा दिसत नाही, बँकेच्या साहेबापुढे बोलण्याची सोय नसते. संडास मात्र डोळ्यांसमोर असतो आणि तो आपल्याला पाडता येतो. या धंद्याचे सारे भांडवल माणसाच्या या हतबलतेत आहे. म्हणूनच त्याचा विचार निव्वळ खुळचटपणा म्हणून न करता सामाजिक प्रश्न म्हणून केला पाहिजे.

प्रथम या 'शास्त्रां'ची आपसांतील संगती पाहू. आपल्याकडे आज दोन शास्त्रे एकाच दुकानात मिळतात : आपले वास्तुशास्त्र आणि चीनमधून आलेले फेंगशुई. आपले वास्तुतज्ज्ञ दक्षिणेच्या दाराला यमाचे दार मानतात. चिनी परंपरेत दक्षिणाभिमुख घर सर्वांत चांगले. बीजिंगचा प्रचंड राजवाडा दक्षिणेकडेच तोंड करून उभा आहे. त्याचे कारणही साधे आहे. उत्तर चीनमध्ये हिवाळ्याचा बोचरा वारा उत्तरेकडून येतो आणि ऊन दक्षिणेकडून मिळते. त्या हवामानातून जन्मलेला तो शहाणपणा होता. मग एकाच दारातून एका शास्त्राप्रमाणे मृत्यू आणि दुसऱ्याप्रमाणे भाग्य आत येत असेल, तर त्या घरातल्या माणसाने करावे काय? दुकानदाराला मात्र ही अडचण पडत नाही. तो दाराचा दोषही सांगतो आणि त्यावर उपाय म्हणून फेंगशुईची घंटाही विकतो.

ज्याला आपण 'लाफिंग बुद्ध' म्हणतो, तो गौतम बुद्ध नव्हे. चिनी लोककथांतील बुदाई नावाच्या एका फिरत्या भिक्षूची ती मूर्ती आहे. तृष्णा हेच दुःखाचे मूळ असे सांगणाऱ्या बुद्धाच्या नावावर धनलाभाची मूर्ती खपावी, यावर अधिक भाष्य करण्याची गरज नाही.

आता आपल्या परंपरेकडे वळू. जुन्या वास्तुविद्येत हवा, उजेड, पाण्याचा उतार यांविषयी काही अनुभवाचे बोल आहेत, हे मान्य केले पाहिजे. पण तिच्यात आणखीही काही आहे आणि ते आजचे तज्ज्ञ सांगत नाहीत. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत घराची रुंदी वर्णानुसार दिली आहे : ब्राह्मणाला ३२ हात, मग प्रत्येक वर्णाला चार हात कमी करीत शूद्राला २०, आणि त्याहूनही खालच्या मानलेल्यांना १६. जमिनीचा रंगही वर्णाप्रमाणे : पांढरी ब्राह्मणाची, तांबडी क्षत्रियाची, पिवळी वैश्याची आणि काळी शूद्राची. कृष्णाकाठची जी काळी कसदार माती ऊस नि हळद पिकवून दोन्ही जिल्हे पोसते, ती या हिशेबाने शेवटच्या पायरीची ठरली! आपल्या अनेक गावांत महारवाडा पूर्वेला असे. वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो. दलित वस्तीवरून आलेला वारा गावाच्या अंगाला लागू नये, अशी ती व्यवस्था. दिशांचे शास्त्र आपल्याकडे खरोखरच होते, पण ते ऊर्जेचे नव्हते, उच्चनीचतेचे होते.

याच भूमीत त्याला उत्तरही दिले गेले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी सातारच्या शाहू बोर्डिंगात सर्व जातींची मुले एका छपराखाली, एका पंक्तीला बसविली. त्या मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्या बोर्डिंगातील चूल आग्नेयेला होती की नैर्ऋत्येला, हे कुणी विचारले नसेल. पण तिच्यावर शिजलेल्या भाकरीने बहुजनांच्या किती घरांत पहिला पदवीधर निर्माण केला, हे महाराष्ट्र जाणतो.

फेंगशुई या शब्दाचा अर्थच 'वारा आणि पाणी' असा आहे. मग आपल्या दोन जिल्ह्यांच्या वाऱ्या-पाण्याचा विचार करूया. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. माण, जत, आटपाडीकडे पाचशेच्या आसपास. म्हणून पश्चिमेकडे उतरती कौले आली आणि पूर्वेकडे मातीची माळवदे. आपल्या अडाणी म्हटल्या गेलेल्या गवंड्यांनी हे भान ठेवले होते. आजचा वास्तुतज्ज्ञ कोयनेच्या खोऱ्यातल्या घराला आणि जतच्या माळावरच्या घराला एकच नियम लावतो.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. घरे पडली ती दगडमातीच्या कच्च्या बांधणीमुळे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला हजारो माणसे गाडली गेली, तीही जाड दगडी भिंती आणि वरचे मातीचे ओझे यांच्याखाली. भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड आणि दारावरून चौफेर फिरणारा काँक्रीटचा पट्टा, एवढ्याने कितीतरी जीव वाचू शकतात. हे खरे वास्तुशास्त्र. ते सांगायला किती तज्ज्ञ खेड्यांत फिरतात?

पाण्याचेही तेच. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. पूर्वाभिमुख घरे बुडाली, दक्षिणाभिमुखही बुडाली. ईशान्येला देवघर असलेल्यांनी देव उचलून माळ्यावर नेले. २००५ साली पूर आला होता, २०२१ साली पुन्हा आला. ओढे-नाले बुजवून प्लॉट कुणी पाडले, पूररेषेच्या आत बांधकामे कुणाच्या सहीने झाली, हे प्रश्न नागरिकांनी विचारावयाचे आहेत. घर घेताना 'मुख्य दार कोणत्या दिशेला' असे विचारणारा सुशिक्षित माणूस 'निळी पूररेषा कोठून जाते' असे विचारीत नाही. त्याने ते विचारू नये, यात अनेकांचे हित गुंतलेले आहे.

आणि ज्यांच्या वाट्याला सरकारी घरकुल येते, त्यांचे काय? पंचवीस चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. त्यात आठ दिशा मांडायच्या कोठे आणि ब्रह्मस्थान मोकळे ठेवायचे कसे? त्या घरातली खरी नकारात्मक ऊर्जा चुलीच्या धुरात असते. ती बाईच्या डोळ्यांत नि छातीत जाते. तिच्यावर उपाय धुराडे, खिडकी आणि परवडणारा गॅस. आणि घराचा सर्वांत मोठा दोष म्हणजे त्या घरावर तिचे नाव नसणे. वाळवे तालुक्यातील बहे गावी १९९० च्या सुमारास परित्यक्ता स्त्रियांनी स्वतःच्या घरजागेसाठी लढा दिला. नवऱ्याने टाकलेल्या बाईला कोणत्याही दिशेचे दार उघडे नसते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी दिशा मागितली नाही, जागा मागितली.

कुणी म्हणेल, "मनाला समाधान मिळते, तुमचे काय जाते?" दाराशी तुळस लावावी, देवघर हवे तेथे ठेवावे; त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण समाधान विकत देणारा आधी भय विकतो, हे विसरू नये. ज्या घरात आपण काल निवांत झोपलो, तेच घर त्याच्या भेटीनंतर आपल्याला खाऊ लागते. शिवाय उपाय फसला तर चूक शास्त्राची ठरत नाही. 'अजून एक दोष राहिला होता' असे निघते. जे कधी खोटे ठरूच शकत नाही, ते शास्त्र नव्हे. दहा अनोळखी घरांचे नकाशे या तज्ज्ञांपुढे ठेवावेत आणि कोणत्या घरात कर्ज आहे, कोणत्या घरात सुख आहे, हे आधी लेखी मागावे. एवढी साधी परीक्षा पुरेशी आहे.

डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. त्यांचे शिक्षण सांगली-मिरजेत झाले. वास्तुशास्त्राच्या या बाजारावर त्यांनी वारंवार बोट ठेवले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. त्या कायद्यात वास्तुशास्त्राचा समावेश नाही. म्हणजे हे काम कायद्याने होणार नाही. ते आपल्यालाच करावयाचे आहे. ग्रामसभेत पूररेषेचा नकाशा भिंतीवर लावण्याचा आग्रह धरावा. पंचायतीच्या अभियंत्याने भूकंपाला टिकणाऱ्या बांधणीची माहिती गवंड्यांना द्यावी, असा ठराव करावा. घराच्या उताऱ्यावर पत्नीचे नाव लावण्यासाठी शेजाऱ्याच्या मागे लागावे. आणि एखाद्या घरी वास्तुतज्ज्ञ येणार असे कळले, तर त्याच्या आधी आपण तेथे जाऊन बसावे. त्या घरात काय बिघडले आहे ते ऐकून घ्यावे.

माझ्या स्नेह्यांच्या घरी अखेर संडास पुन्हा बांधला गेला. पैसे गावातल्या त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्यांनी गोळा केले. जागा तीच, ईशान्येची; कारण मैल्याची टाकी तेथेच होती. द्राक्षाचे कर्ज अजून फिटलेले नाही, आणि त्याचा दोष कोणत्या कोपऱ्यात आहे हे आता गुरुजी स्वतःच लोकांना सांगतात.